चूक झाल्यावर स्वतःला सांभाळून कसं घ्यायचं

ऑफिसात नवा माणूस आला की आपण सहज म्हणतो, "नवीन आहे, जरा सांभाळून घ्या." कुणाच्या हातून पहिल्यांदा केलेल्या पुरणपोळ्या फुटल्या तर घरातलं कुणीतरी म्हणतंच, "होतं गं सुरुवातीला." स्वतःची वेळ आली की मात्र आतून येतं, "अक्कल गहाण ठेवली होती का?" मानसशास्त्रात ज्याला सेल्फ-कम्पॅशन म्हणतात त्याला मराठीत आत्मकरुणा असा शब्द रूढ होतोय. शब्द चुकीचा नाही, पण तो प्रवचनातला वाटतो, आणि करुणा म्हटलं की कीव लगेच शेजारी येऊन बसते. त्यापेक्षा 'सांभाळून घेणं' बरं. ते आपण रोज करतो, फक्त दुसऱ्यांसाठी.

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली या कल्पनेची मांडणी केली. त्यात तीन गोष्टी आहेत: जे वाटतंय ते न दाबता, न फुगवता ओळखणं, हे माणसांना होतं याची आठवण ठेवणं, आणि स्वतःशी आपल्या माणसाशी बोलतो तसं बोलणं. तिन्ही एकत्र लागतात. पहिली गळली की उरते वरवरची समजूत. दुसरी गळली की "माझ्याच नशिबी हे का" सुरू होतं. तिसरी गळली की नुसतं दुःख मोजत बसणं होतं.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे, असं स्वतःला पाठीशी घातलं तर माणूस सुधारेल कसा? छडीवर आपला फार जुना विश्वास आहे. तपासून बघितलं तेव्हा मात्र उलटं दिसलं. बर्कलीच्या विद्यापीठातले काही प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दपरीक्षा दिली होती. ती वाईट गेल्यावर ज्यांना स्वतःकडे समजुतीनं बघायला सांगितलं, ते पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यासाला बसले. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २०१० साली असंच दिसलं: पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. कारण उघड आहे. बोलणी खाल्लेलं मन चुकीकडे पुन्हा बघायलाच घाबरतं. तपासून आलेला पेपर उघडवत नाही, ज्याला दुखावलं त्याला फोन लावायला हात धजत नाही. सगळी ताकद मार चुकवण्यात जाते आणि चूक तशीच पडून राहते.

पहिले सात दिवस: फक्त लिहून घ्या

साधी वही किंवा फोनमधलं नोट्सचं पान, काहीही चालेल. अट एकच, घडल्या घडल्या लिहायचं. रात्री आठवून लिहिलं तर मन ते वाक्य तोवर मऊ तरी करतं नाहीतर अजून तिखट. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी घ्या: वेळ, काय घडलं ते एका ओळीत, स्वतःला काय म्हणालात ते जसंच्या तसं, शिवीसकट, आणि आवाज कुणाचा वाटला. उदाहरणार्थ:

"सकाळी ७.१०. डब्यात चमचा ठेवायचा राहिला. 'एक काम धड करता येत नाही.' आवाज: आत्याचा."

शेवटचा रकाना सुरुवातीला विचित्र वाटेल आणि दोन दिवस रिकामा राहील. नंतर भरायला लागतो. सातवीतल्या गणिताच्या बाई, जुना साहेब, मोठा भाऊ. आवाज ओळखला की वाक्याचा दरारा थोडा उतरतो, कारण ते कधीतरी कुणीतरी, बहुधा घाईत किंवा रागात, म्हटलेलं होतं हे दिसतं.

या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. इथेच पुष्कळ लोक घाई करतात. दुसऱ्याच दिवशी वाक्यं बदलायला बसतात, आणि मग नोंदी सोज्वळ होत जातात. सात दिवसांनी वही वाचाल तेव्हा साधारण तीन-चार वाक्यंच आलटून पालटून येताना दिसतील. त्यातलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं एक निवडा. पुढचा महिना काम फक्त त्या एकावर.

'च' काढा

मराठीत स्वतःला कोसायला वेगळ्या शिव्यांची गरज नाही, एक 'च' पुरतो. "मला जमतच नाही." "मी आहेच अशी." "माझंच चुकतं." "मी नेहमीच उशीर करतो." वहीतल्या अशा प्रत्येक 'च'भोवती पेनानं गोल करा. मग त्याच प्रसंगाचं वाक्य 'च' काढून आणि दिवस-वेळ घालून पुन्हा लिहा. "आज मला जमलं नाही." "काल मला वीस मिनिटं उशीर झाला." गंमत अशी की वाक्य गुळगुळीत होत नाही, आधीपेक्षा जास्त खरं होतं. 'नेहमीच'चं कुणी काही करू शकत नाही. वीस मिनिटांचं करता येतं.

तसंच नामांचं. "मी निष्काळजी", "मी बावळट", "मी ढ" या पाट्या आहेत. पाटीच्या जागी क्रियापद आणा: "निघताना मी गॅस बघितला नाही." अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची सुरुवात केली, आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती विचारपद्धती मराठीतून रुजवली. तिचा गाभा इथे कामाला येतो: कृतीला मार्क द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊ नयेत. 'पाहिजे'वरही त्यांचं बोट आहे. "मला हे यायलाच पाहिजे" हा हट्ट आहे. "आलं तर फार बरं होईल, त्यासाठी रोज अर्धा तास बसेन" ही इच्छा झाली, आणि इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं पण माणूस कोसळत नाही.

तीन मिनिटांची रीत

वहीतलं काम निवांत बसून करायचं. पण चूक घडते तेव्हा वही हातात नसते. त्या वेळेसाठी ही रीत.

समजा सकाळचे सात चाळीस झालेत. मुलानं दप्तर भरलेलं नाही, खाली रिक्षावाले काका हॉर्न देतायत, आणि तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की बुटाची लेस बांधता बांधता त्याचा हात थांबला. मग तो खाली मान घालून गेला. एक लेस सुटीच होती. दार लागलं. तुमच्या पोटात गोळा, आणि डोक्यात "कसली आई आहेस तू". आता तिथेच, दाराशी उभं राहून:

पहिली तीस सेकंदं नाव देण्यासाठी. "कसंतरी होतंय" इतकं मोघम पुरत नाही. आपल्याकडे यासाठी नेमके शब्द आहेत, ते वापरा. छोटीशी गोष्ट राहून गेल्याची चुटपुट असते. कुणासाठी काही करायचं राहिलं तर रुखरुख लागते, हातचं गेलं की हळहळ. चारचौघांत फजिती झाली की ओशाळायला होतं. कुणाला दुखावलं की अपराधी वाटतं. शरम या सगळ्यांपेक्षा निराळी, ती केलेल्या गोष्टीची न राहता अख्ख्या स्वतःची वाटायला लागते. वरच्या प्रसंगात बहुधा अपराधीपणा आणि शरम एकात एक मिसळलेली असतात, आणि त्यांना सुटं करणं हे निम्मं काम आहे. अपराधीपणाला करण्यासारखं काहीतरी असतं: मुलाशी बोलणं. शरम फक्त तोंड लपवायला सांगते. नाव सापडलं की शरीरात ते कुठे बसलंय बघा, पोटात, घशात की कानशिलांत. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात २००७ साली मेंदूचं चित्रण करून बघितलं, तेव्हा भावनेला शब्द दिल्यावर अमिग्डला या धोका ओळखणाऱ्या भागातली धावपळ कमी झालेली दिसली.

पुढचं एक मिनिट श्वासाचं. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, असे सहा श्वास. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी उतरते. चक्कर आल्यासारखं झालं तर तुम्ही फार खोल श्वास घेताय; मोजणी तीच ठेवा, हवा कमी घ्या. दमा असेल किंवा नाक चोंदलं असेल तर आकडे सोडून द्या, फक्त सावकाश सोडा.

याच मिनिटात हाताचा आधार घ्या. एक तळहात छातीवर, एक पोटावर. फ्रँकफर्टमध्ये झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताणाच्या परीक्षेआधी एवढंच वीस सेकंद केलेल्यांच्या अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक इतरांपेक्षा कमी वाढलं. छातीवर हात ठेवणं पुष्कळांना नाटकी वाटतं, आणि नाटकी वाटत असेल तर त्याचा उपयोग नाही. मग एका तळहातानं दुसरा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत कुरवाळा, बाळाच्या पाठीवरून हात फिरवतो त्या वेगानं: एका वेळी आठ-दहा सेकंद. त्वचेतले काही मज्जातंतू या मंद वेगालाच सर्वाधिक दाद देतात. भरभर चोळलं तर नुसती ऊब येते. मीटिंगमध्ये असाल तर टेबलाखाली एका हातानं दुसरं मनगट धरून ठेवा, कुणाला कळत नाही.

मग तीस सेकंदं एका वाक्यासाठी: "शाळेच्या वेळेला घरोघरी असा आवाज चढतो." इथे एक खड्डा आहे आणि तो खास आपल्याकडचा. "लोकांचं बघ, किती हाल आहेत, तुझं काय एवढं!" हे वाक्य सोबतीचं वाटतं, पण ते गप्प बसवणारं आहे. दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना झाली की आपलं दुःख मांडायलाच लाज वाटते. या रांगेत आपल्या पुढेही माणसं आहेत आणि मागेही, एवढंच आठवायचं.

शेवटचं मिनिट बोलण्याचं. 'मी' सोडून स्वतःला 'तू' म्हणा, घरात ज्या नावानं हाक मारतात त्या नावानं. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत, भाषणाच्या ताणात स्वतःशी नाव घेऊन बोलणारी माणसं 'मी मी' करणाऱ्यांपेक्षा कमी अस्वस्थ झाली. मराठी माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही. समर्थांनी दोनशे पाच श्लोकांत मनाला समोर बसवून हेच केलं, आणि त्यातली हाक बघा: 'मना सज्जना'. ज्याला पुढे इतक्या कानपिचक्या द्यायच्या आहेत, त्याला आधी सज्जन म्हटलंय.

बोलण्याचे तीन तुकडे ठेवा: काय झालं, कसं वाटतंय, आता काय. "अगं, ओरडलीस त्याच्यावर. आतून तुटतंय तुला. संध्याकाळी तो आला की जवळ घे आणि सांग, माझा आवाज चढला ते चुकलं." ओठ हलवून, पुटपुटत म्हणा. मनातल्या मनात म्हटलं की जुना आवाज मधेच घुसतो. मायेचा सूर जमत नसेल, आणि पुरुषांना तो बऱ्याचदा जमत नाही, तर नेटमध्ये उभ्या असलेल्या चांगल्या कोचचा सूर घ्या: "गेला तो बॉल. पाय हलला नाही तुझा. पुढचा बघ."

तिसरा तुकडा त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत पुरा करा. माफी दोन वाक्यांपेक्षा लांबवू नका आणि तिच्यात 'पण' घालू नका. "सॉरी, पण तू तरी दप्तर कुठे भरतोस" ही दुसरी ओरडच झाली. दप्तराचा विषय वेगळा काढा: रोज रात्री साडेआठला, जेवणाआधी, दोघांनी मिळून भरायचं.

ही रीत पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रसंगात करायला गेलात तर जमणार नाही. दूध उतू गेलं, ओटीपी चुकीचा टाकला, स्टेशन सोडून पुढे गेलात, अशा बारक्या गोष्टींवर हात बसवा. आणि काहीही चुकलेलं नसताना वीस सेकंदांचा स्पर्श रोज एकदा करा. त्याला वेळ शोधू नका, असलेल्या थांबण्याला चिकटवा: गीझरचं गरम पाणी येईपर्यंत, कुकरच्या पहिल्या शिट्टीची वाट बघताना, लिफ्ट खाली येईपर्यंत.

कुठे बिघडतं

सगळ्यात दचकवणारी गोष्ट म्हणजे भडका. बंद खोलीत आग धुमसत असताना दार उघडलं की हवा आत शिरते आणि एकदम लोळ उठतो. अग्निशमन दलातला हा अनुभव नेफ आणि त्यांचे सहकारी क्रिस्टोफर गर्मर त्यांच्या आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणात उपमा म्हणून वापरतात. वर्षानुवर्षं स्वतःला फक्त रागावलेल्या माणसानं पहिल्यांदा दोन बरे शब्द उच्चारले की रडू फुटतं, चीड येते, नाहीतर "काय थोतांड आहे" असं वाटून वही फेकावीशी वाटते. जुनं काहीतरी वर येतं. तुमचं काही चुकलेलं नसतं, पण जोरही करायचा नसतो. शब्द तिथेच सोडा. लक्ष पायाच्या तळव्यांकडे न्या: फरशी गार आहे की कोमट, कुठे खरखरीत लागते. किंवा चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसा. मग उठून भांडी घासा, जरा चालून या. दुसऱ्या दिवशी फक्त श्वास आणि हात, बोलणं नाही. बोलणं आठवड्यानं घेतलं तरी चालतं.

दुसरा बिघाड खोट्या स्तुतीचा. आरशासमोर "मी खूप छान आहे" म्हणण्याचे सल्ले सगळीकडे मिळतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या २००९ च्या अभ्यासात, स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्यांना अशी वाक्यं घोकल्यावर उलट जास्त वाईट वाटलं. मन लगेच पुरावे काढून भांडतं. म्हणून जे पटतं तेवढंच म्हणा. "मी चांगली आई आहे" आज पटत नसेल तर "मी शिकतेय" म्हणून बघा. तेही पटत नसेल तर नुसती खरी माहिती द्या: "रात्री पाच तास झोप झाली होती." यावर मनाला भांडता येत नाही.

सबब आणि सांभाळून घेणं यांतला फरक ओळखायचा असेल तर तिसरा तुकडा तपासा. "दमले होते, म्हणून ओरडले" इथे वाक्य संपत असेल तर ती सबब. पुढे एखादं काम लागत असेल तर ठीक.

करपलेली पोळी

बोलण्याइतकंच वागण्यातही बघावं लागतं, आणि याची सगळ्यात चोख जागा म्हणजे जेवणाचं ताट. एक आठवडा एवढंच बघा: करपलेली, फाटलेली पोळी कुणाच्या ताटात जाते? कालची भाजी कोण संपवतं? सगळ्यांना गरम वाढून झाल्यावर शेवटचं पान कुणाचं, आणि ते बसून वाढलं जातं की ओट्याशी उभं राहून खाल्लं जातं? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं, आणि ते इतकं सवयीचं असतं की त्यात काही दिसतही नाही. तत्त्वज्ञान बाजूला ठेवून आठवड्यातून दोन दिवस तव्यावरची दुसरी-तिसरी पोळी स्वतःच्या ताटात घ्या आणि बसून खा. घरात कुणी विचारलं तर "आज मीही गरम खाते" एवढं उत्तर पुरे. पहिल्या दिवशी घास घशाखाली उतरताना चोरी केल्यासारखं वाटतं. ती अस्वस्थता वहीत लिहा, नोंद म्हणून फार मोलाची आहे.

याच जातीच्या आणखी गोष्टी: आईवडिलांच्या रक्ततपासण्या वेळेवर आणि स्वतःची सहा महिने लांबणीवर. चष्म्याचा नंबर वाढलाय हे माहीत असून जुन्याच काचा. आणि 'नाही' न म्हणणं. त्यासाठी एक वाक्य तयार ठेवा, कारण ऐनवेळी सुचत नाही: "आज जमणार नाही, उद्या अकराला बघून सांगते." कारणं जोडू नका. तीन कारणं दिली की समोरचा तिन्ही खोडून काढतो.

पत्र

काही चुका तीन मिनिटांत मावत नाहीत. हातचं गेलेलं वर्ष, तुटलेलं नातं, बुडालेले पैसे. त्यासाठी पंधरा मिनिटांचा टायमर लावा आणि तुम्हाला पूर्ण ओळखणाऱ्या, तुमची चूकही माहीत असलेल्या, तरी तुमची बाजू न सोडणाऱ्या माणसाच्या हातून स्वतःला पत्र लिहा. मावशी, जुना मित्र, गेलेली आजी, कुणीही. कागदावर, हातानं. मायन्यापासून सुरू करा, "चि. ... हिस" असा जुना मायना घातला तरी चालेल, उलट त्यानं सूर लवकर सापडतो. लिहून झालं की घडी घालून ठेवा, लगेच वाचू नका. लगेच वाचलं की शुद्धलेखन दिसतं. दुसऱ्या दिवशी वाचा. लिहिताना छाती भरून आली आणि थांबत नाहीये असं झालं तर टायमरची वाट न बघता पेन ठेवा.

हे पुरणार नाही तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कशातही मन लागणं बिघडलं असेल, तर वही आणि श्वास यांच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरात कुणी मारहाण करत असेल किंवा सतत अपमान करत असेल, तर तिथे स्वतःला सांभाळणं म्हणजे मदत मागणं. त्या माणसाचं वागणं समजून घेत बसण्यासाठी ही रीत वापरू नका.

वहीत खंड पडतोच. सणवार येतात, आजारपण येतं, नाहीतर नुसता कंटाळा. मग एक दिवस वही दिसते आणि डोक्यात उमटतं, "बघ, हेही जमलं नाहीच." हे वाक्य, त्यातल्या 'च'सकट, आजची पहिली नोंद म्हणून उतरवून घ्या. वेळ टाका. मधली कोरी पानं भरत बसू नका.